आमच्या घरात कपडे वाळत नाहीत

नव्या घरात आल्यापासून मी सगळ्यात जास्त शिव्या कुणाला दिल्या असतील तर त्या मशीनला. एकच मशीन कपडे धुतं आणि वाळवतंही, म्हणून त्याचं केवढं कौतुक. दोन कामं अंगावर घेऊन दोन्ही अर्धवट ठेवणारी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. हे त्यांच्याच जातीचं. धुतं ठीक. वाळवणं नुसतं नावाला. तासन् तास घरघरत बसतं, मग एक गाणं वाजवून काम झाल्याचं जाहीर करतं, आणि दार उघडलं की तोंडावर वाफ. आत सगळे कपडे एकमेकांच्या गळ्यात गळे घालून चुरगळलेले. हाताला गरम लागतात म्हणून आपल्याला वाटतं वाळले. घड्या करून कपाटात ठेवावेत, तर दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं की कुबट वास नाकात जातो.

मशीन आणलं माझ्या भावाने. लालबागची आमची चाळ पाडली, त्याच जागेवर टॉवर उभा राहिला आणि आम्हाला एकोणिसाव्या मजल्यावर घर मिळालं. वास्तुशांतीला भाऊ हे धूड घेऊन हजर. आईचे हात आता धुणं धुण्याचे राहिले नाहीत, ताईलाही स्वेच्छानिवृत्तीनंतर आराम पाहिजे, असं त्याने चार लोकांदेखत सांगितलं. स्वतः वडाळ्याला राहतो. त्याच्या घराला हवेशीर गॅलरी आहे आणि त्याचे कपडे तिथे दोरीवर उन्हात वाळतात. इथे आम्ही मायलेकी दोघीच, दोघींचं धुणं ते किती. भीक नको पण कुत्रा आवर म्हणायची वेळ होती, पण पाहुण्यांसमोर मी थँक यू म्हणून मोकळी झाले.

मशीन कसं चालवायचं ते दाखवायला कंपनीचा माणूस आला. त्याने सगळं भराभर सांगितलं आणि जाता जाता म्हणाला की हे जेवढे कपडे धुतं, त्याच्या निम्मेच वाळवतं. मी म्हटलं, म्हणजे धुऊन झाले की निम्मे ओले बाहेर काढायचे? तो म्हणाला हो. मग ते कुठे ठेवायचे? तो म्हणाला, मॅडम, ते तुम्ही बघा. मी बघितलं. दोन खोल्यांच्या घरात ओल्या कपड्यांची बादली मांडीला मांडी लावून बसवायची, आणि पहिली खेप वाळेपर्यंत दुसरी बादलीत आंबवायची, अशी ही सोय होती.

त्याहून मोठा शोध आईने लावला. मशीन वाळवणावर होतं आणि आई स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसली होती. आत पाणी सुटल्याचा आवाज आला तशी तिने मान वर केली आणि मला हाक मारली. वाळवताना मशीन नळाचं पाणी घेत होतं. मला आधी खरं वाटलं नाही. मी कंपनीत फोन केला, तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की आतली वाफ थंड करायला पाणी लागतं, ते नॉर्मल आहे. आई म्हणाली, "सुकवूक पाणी?" आणि पुन्हा कोथिंबिरीकडे वळली. चाळीच्या नळावर पाण्यासाठी अर्धं आयुष्य उभ्याने काढलेल्या बाईला मी यावर काय सांगणार होते? वीज वेगळी, पाणी वेगळं, वेळ वेगळा. दोन टॉवेलांसाठी हा थाट म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मशीनच्या दाराच्या रबरात करड्या रंगाचं तूस जमायचं. आई ते बोटाने काढून उजेडात धरायची. बाबा गिरणीत मागावर होते, पाळीवरून आले की त्यांच्या भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर असाच कापूस बसलेला असायचा. मला वाटलं तिला तेच आठवत असेल. पण ती म्हणाली की हे मशीन कपडे खातंय, आणि तूस कचऱ्यात टाकून तिने हात धुतला.

तरी मी मशीन वापरत होते, कारण सोसायटीचा नियम. खिडकीबाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत. आमच्याच आवारात बिल्डरने विकायचा दुसरा टॉवर बांधलाय, त्याला काचेच्या गॅलऱ्या आहेत आणि त्यात कुंड्यांशिवाय काही दिसत नाही. आपली बिल्डिंगही तशीच दिसली पाहिजे, ही आमच्या कमिटीची हौस. ज्यांच्या आया चाळीच्या कठड्यावर गोधड्या पसरायच्या, तेच आता दोरी दिसली की नाक मुरडतात. घर बदललं की नाकही बदलून मिळतं बहुधा.

आई नियम पाळत नव्हती. रोज सकाळी न्हाणीघरात स्टुलावर बसून ती आपलं नऊवारी हाताने धुवायची. पिळायला तिला जमत नसे, मग तसंच निथळतं लुगडं खिडकीच्या ग्रिलमधून बाहेर सोडायची, चिमटे लावून. एकोणिसाव्या मजल्यावरून ते खाली अठराव्याच्या खिडकीपर्यंत लोंबायचं. अठराव्यावाले आधी वर येऊन सांगायचे, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकायला लागले. मशीन मला आवडत नव्हतं, पण लिफ्टमध्ये लोकांची तोंडं बघणं त्याहून आवडत नव्हतं. मी आईशी रोज भांडायचे. निदान लुगडं तरी मशीनमध्ये टाक, नाहीतर पंख्याखाली खुर्चीवर पसर. तिचं उत्तर ठरलेलं.

"आत कित्याक घालू? आमी काय चोरी केली?"

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सहावीत होते. गिरण्यांचा संप चालू होता. आईच्या दृष्टीने तेव्हाही हा प्रश्न कपड्यांचा नव्हता आणि आताही नाही. तो बाबांच्या नावाचा आहे. म्हणून ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

गिरणीत जाणाऱ्या माणसाचे कामाचे कपडे वेगळे असत. बाबांची एक खाकी अर्धी पँट आणि दोन बनियनं. मागाजवळ ते याच कपड्यांत उभे राहत. आठवडाभर ते कपडे तिथेच खुंटीवर राहत आणि सुट्टीच्या दिवशी धुवायला घरी येत. चाळीतल्या प्रत्येक घरात तसंच. रविवारी दुपारी गॅलरीतून चाललं की दोन्ही बाजूंना खाकी अर्ध्या पँटी निथळत असत. दारासमोरची तार ज्याची त्याची, आणि कुणाच्या तारेवर काय आहे हे सगळ्यांना पाठ. कुणाकडे बाळंतीण आली, कुणाचा नवरा खाडे करतोय, कुणाकडे गावचा पाहुणा उतरलाय, हे विचारावं लागत नसे.

संप सुरू झाला आणि तारांवरून अर्ध्या पँटी गेल्या. लोकांनी त्या ट्रंकेत घातल्या, काहींनी फाडून फडकी केली. फक्त आमच्या तारेवर दर रविवारी बाबांची पँट आणि दोन बनियनं वाळत राहिली. आई धुतलेलेच कपडे पुन्हा धुवायची. तिचं म्हणणं असं की संप आज ना उद्या मिटेल, भोंगा कधीही वाजेल, आणि माणूस जिवंत असताना त्याच्या कामाचे कपडे बांधून ठेवायचे नसतात. बांधून ठेवतात ते गेलेल्या माणसाचे. तिच्या डोक्यात याहून जास्त काही नव्हतं.

चाळीच्या डोक्यात मात्र बरंच काही होतं. तेव्हा काही लोक पोलिसांच्या बंदोबस्तात, काही मागच्या गेटने, गुपचूप कामावर जाऊ लागले होते. त्यांना संपफोडे म्हणत आणि त्यांच्या घरच्यांशी कुणी बोलत नसे. बाबा तर रोज पहाटे पहिल्या पाळीच्या वेळेला घरातून निघत आणि पाळी सुटायच्या सुमाराला परत येत. कुठे जातात ते चाळीत कुणाला ठाऊक नव्हतं. वर रविवारी तारेवर ओली खाकी पँट. कोणीही दोन अधिक दोन चारच करणार.

बाबा भायखळ्याच्या भाजी मार्केटात पोती उचलायला जात होते. कांद्याची, बटाट्याची. गिरणीत चार माग सांभाळणारा कारागीर हमाली करतो, हे त्यांना चाळीत कळू द्यायचं नव्हतं. आईला त्यांनी शपथ घातली होती. मला आणि भावाला शपथ घालायची गरज नव्हती, त्यांचा नुसता डोळा पुरे होता. खांदे सोलवटलेले असायचे, आई त्यावर खोबरेल लावायची, आणि दार लावून घ्यायची.

एका रविवारी शेजारच्या खोलीतले काका गॅलरीत आले. ते बाबांच्याच खात्यात होते, एकाच पंगतीत डबा खाणारे. त्यांनी तारेवरची पँट ओढून काढली, कठड्यावरून खाली चौकात फेकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की मागच्या गेटने जातोस की पोलिसांच्या गाडीतून. बाबा दारात उभे होते. भायखळा हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. तो निघाला नाही. मी खाली जाऊन पँट उचलून आणली आणि वर येईपर्यंत गॅलरीतली सगळी दारं लागलेली होती.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, आमच्याकडे नळसुद्धा फिरला. आईची बादली रांगेतून मागे सरकवली जायची. माझ्याशी सागरगोटे खेळायला कुणी येईना. गणपतीची वर्गणी मागायला आमचं दार सोडून पुढे जायचे. मला तेव्हा चाळीचा जेवढा राग होता तेवढाच त्या पँटीचाही होता. मावशी घरी येऊन आईला म्हणाली की अगो, निदान ते कपडे तरी आत घाल, लोकांच्या डोळ्यात कशाला खुपवतेस. त्यावर आईने ते वाक्य म्हटलं. आत घातले तर आपणच कबूल केल्यासारखं होईल, असं तिचं गणित होतं. काकांनी पँट फेकली त्याच संध्याकाळी चौकातल्या चिखलाने भरलेली ती पँट तिने पुन्हा धुतली होती आणि त्याच तारेवर घातली होती. पुढच्या रविवारी घातली, त्याच्या पुढच्याही. बाबांना बोलायचं नव्हतं, तिला बोलू देत नव्हते. मग तिच्याकडे तार उरली होती, तिने ती सोडली नाही.

संप मिटला असं आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही. भोंगा वाजला नाही. बाबा पुढे परळला एका बिल्डिंगवर वॉचमन झाले आणि त्यांना निळा युनिफॉर्म मिळाला. तोही आईने गॅलरीतच वाळत घातला. चाळ हळूहळू बोलायला लागली, कारण पातळ भिंतींच्या घरात अबोला फार दिवस परवडत नाही. आधी हळदीकुंकवाचं बोलावणं आलं, मग बारशांचं. बाबा वारले तेव्हा शेजारचे काका खांदा द्यायला सगळ्यांत पुढे होते. आईला वाटलं, लोकांना आपोआप समजलं. त्यांनी इतकी वर्षं बघितलं आणि त्यांना पटलं. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणूनच नव्या घरात मी तिला म्हणायचे, अगं, ते बघणारे डोळे मातीत गेले, आता कोण लक्षात ठेवतंय. त्यावर ती म्हणायची, "लोकांका दिसांदे."

आता सोसायटीचा सेक्रेटरी आहे तो त्याच शेजारच्या काकांचा मुलगा. माझ्याहून थोडा लहान, केस काळे करतो, टॉवरच्या लॉबीत स्वतःच्या घरासारखा वावरतो. एका सकाळी तो बेल वाजवून आला. आईचं लुगडं नुकतंच बाहेर पडलेलं. मी त्याला चहा विचारला नाही. त्याने आईला वाकून नमस्कार केला, सोफ्यावर बसला आणि मोबाइलमध्ये फोटो दाखवला. खालून काढलेला, आमचं लुगडं आणि त्यामागे बिल्डिंगचं अख्खं अंग. समोरच्या टॉवरवाले हसतात आपल्याला, म्हणाला. उद्या दंड लावायचा ठराव झाला तर मला तुमच्या घरापासून सुरुवात करावी लागेल, ते मला जड जाईल. ताईकडे तर एवढं भारी मशीन आहे. मी म्हटलं, ते मशीन तू घेऊन जा आणि तुझ्या बायकोला वापरायला सांग. तो हसला. कमिटीत बसणाऱ्या माणसांना हसण्याची सवय लागते.

आई म्हणाली की ती आत काही वाळत घालणार नाही. शांतपणेच म्हणाली.

तेव्हा तो तिच्याकडे सरकून बसला आणि आवाज खाली आणला. "काकू, एक बोलू? आतल्या आत सुकलं तर कोणाला काय कळत नाय. तुम्हाला तर ते बरंच की."

"म्हंजे?" आई म्हणाली.

"जाऊ दे ना काकू. जुन्या गोष्टी. काका कामावर गेले तर गेले. आमचे बाबा पण शेवटी म्हणायचे, आपण उगाच तमाशा केला, पोरंबाळं होती, माणूस करणार काय. आमच्या कोणाच्या मनात काय नाय आता."

तो माफ करत होता. माझ्या बाबांना, माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर बसून. म्हणजे चाळीने हळदीकुंकवाला बोलावलं ते माफ करून. खांदा दिला तो माफ करून. शिवी दिली असती तर मी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. पण माफीला उलट काय देतात ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

आईने गुडघ्यावर हात ठेवला आणि त्याच्याकडे बघून एकेक शब्द म्हणाली, "ते कामार जाऊक नाय. भायखळ्याक जायचे. मार्केटात, पोती उचलूक."

बाबांची शपथ तिने मोडली. मी तिच्या तोंडून हे परक्या माणसासमोर कधी ऐकलं नव्हतं. ती आता थांबली होती, त्याच्या चेहऱ्याकडे बघत.

तो माझ्याकडे बघून जरासा हसला. म्हाताऱ्या माणसांचं काहीबाही चालतं तेव्हा घरच्यांकडे बघून हसतात, तसा. मग तिचा हात थोपटून म्हणाला, "हो हो काकू. बरोबर." आणि उठला. दारात चपला घालताना नियमाचं तेवढं बघ, असं मला सांगितलं. मी त्याच्यामागे लिफ्टपर्यंत गेले. म्हटलं, ती खरं सांगतेय, मी स्वतः त्यांचे खांदे बघितलेत.

"ताई, मी कुठे नाय म्हणतोय," तो म्हणाला, आणि लिफ्टचं दार बंद झालं.

मी परत आले तर आई खिडकीशी उभी होती. एकेक चिमटा काढून ग्रिलवर ठेवत होती. लुगडं तिने आत ओढून घेतलं. ओलं नऊवारी केवढं जड असतं, तिला पेलवेना, पण मी हात लावला तर तिने कोपराने बाजूला केलं. ते छातीशी धरून ती खिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंत गेली, सगळ्या घरभर पाण्याची रेघ. मशीनसमोर वाकून तिने ते आत कोंबलं. पदराचं टोक दारात अडकलं आणि दार लागेना. तिने तीनदा ढकललं. शेवटी मी ते टोक आत सारलं.

"ह्येचा बटन खयचा?" तिने विचारलं.

मी म्हटलं, आई, राहू दे, मी बाहेर घालते, दंड लावायचा तर लावू दे. खरंच म्हणत होते. त्या क्षणी मी घरातले सगळे चिमटे लावून ते लुगडं खालच्या रस्त्यापर्यंत सोडलं असतं.

ती म्हणाली, "कोणी बघूक नाय गो. इतक्या वर्सांत कोणी बघूक नाय."

बटण मी दाबलं. मशीनने दाराला कुलूप घातलं आणि पाणी घ्यायला सुरुवात केली. आई तिथे थांबली नाही, आतल्या खोलीत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. मी फडकं घेऊन फरशी पुसली. काचेमागे तिचं लुगडं गोल फिरत होतं. जे व्हावं म्हणून मी इतके दिवस तिच्याशी भांडत होते ते झालं होतं, आणि मला त्या मशीनची काच फोडावीशी वाटत होती.